चांदीचं पिवळं पाणी

"बांगड्या काढा, पावडर पुसा आणि उद्यापासून डबा जिन्यात बसून खा."

नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही, बसा म्हणाले नाहीत. मी नुकती बी.एस्सी. झालेली, नवी साडी नेसून मुलुंडहून घाटकोपरला आलेली. मला वाटलं होतं, निदान चहा तरी विचारतील. त्या खोलीत चहा कधीच आला नाही. चहात साखर असते, साखरेला मुंग्या येतात आणि मुंग्या कुठून कुठून चालत आलेल्या असतात कुणाला ठाऊक, असं सरांचं म्हणणं होतं.

आमची प्रयोगशाळा आग्रा रोडच्या आतल्या एका औद्योगिक वसाहतीत होती. खाली प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना, वर आम्ही. साबणात पाणी किती, तेलात भेसळ किती, हळदीत रंग किती, अशी कामं यायची. ती आम्ही बाहेरच्या मोठ्या खोलीत उरकायचो. टोकाची छोटी खोली सरांची. तिथे ते मालकाच्या परवानगीने आणि बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून त्यांचं ते चांदीचं पाणी बनवत बसलेले असत.

सर पन्नाशीचे, उंच, पाठीत थोडे वाकलेले. धुवून धुवून त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरेफटक पडले होते आणि ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे ते नेहमी छातीशी उचलून धरलेले असायचे. दार कोपराने उघडायचे. कुणाशी हात मिळवायचे नाहीत. नमस्कारही मानेनेच, कारण तळव्याला तळवा लागतो. यांच्या लग्नात पाणिग्रहण कसं पार पडलं असेल, यावर आम्ही मुलींनी जिन्यात डबा खाताना पुष्कळ डोकं चालवलं आहे. तेव्हा हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

चांदीच्या पाण्याची गोष्ट अशी. बर्फात गार केलेल्या एका रसायनाच्या पाण्यात चांदीच्या क्षाराचं पाणी थेंब थेंब सोडायचं. दोन्ही पाणी बिनरंगी, पण एकत्र आली की बघता बघता काचेत पिवळा रंग उतरतो. तो रंग चांदीच्या कणांचा. कण इतके बारीक की सूक्ष्मदर्शकातही सापडत नाहीत. "आपल्याला दिसत नाहीत, उजेडाला दिसतात," सर म्हणायचे. उजेडाचा एक ठरावीक भाग ते कण अडवतात, म्हणून उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. आणि या पाण्यात पाऱ्याचा अंश जरी शिरला, तरी तो चांदीला जाऊन चिकटतो आणि पिवळेपणा विटायला लागतो. किती विटला ते उजेड मोजणाऱ्या यंत्रावर आकड्यात वाचायचं. कुठल्याशा परदेशी नियतकालिकात चांदीच्या अशा पाण्याबद्दल वाचून सरांनी ते हाताने उतरवून आणलं होतं. पाऱ्याची युक्ती मात्र त्यांची स्वतःची. एकदा थर्मामीटर फुटला आणि शेजारचं पिवळं पाणी फिकं पडलं, त्यावरून त्यांना ती सुचली होती.

या पाण्याचा मोठा शत्रू मीठ. घामाचा एक थेंब पडला की सगळं राखाडी. मे महिन्यात घाटकोपरला घाम न गाळता काम करायचं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच माहीत. सर कपाळाला पंचा बांधून बसायचे. मी अंगठ्याने चुकून काचपात्राची कड धरली तर ते अक्षरशः "अगं आई गं" म्हणायचे.

रोज सकाळी ते मला रंग विचारायचे.

"पिवळं आहे सर."

"पिवळं म्हणजे कसलं पिवळं?"

"लिंबासारखं."

"कुठलं लिंबू? आजचं की परवाचं? अहो, नीट बघा. डोळे आहेत ना?"

शेवटी मी चिडून म्हटलं, "पातळ वरणाच्या वरच्या पाण्यासारखं!" तर सर खूश झाले आणि वहीत तसंच लिहून ठेवलं. पुढे वर्षभर "आज वरणाचं पाणी जमलंय का?" अशीच चौकशी व्हायची.

पण या पिवळ्या पाण्यापेक्षाही सरांचा जीव होता तो ब्लँकवर. ब्लँक म्हणजे ज्यात काहीच नाही असा नमुना. समजा माशातला पारा शोधायचा आहे. माशाचा तुकडा आम्लात विरघळवायचा, त्यात एक द्रव टाकायचा की पारा वाफ होऊन सुटतो, मग पंपाने हवा सोडून ती वाफ चांदीच्या पाण्यात न्यायची. ब्लँकमध्ये हे सगळं तसंच करायचं, फक्त मासा घालायचा नाही. मग पाणी पिवळंच राहिलं पाहिजे. "आधी काहीच नाही हे सिद्ध करा, मग काहीतरी आहे म्हणा," हे सरांचं वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायची.

मासा आणला हिराबाईने. हिराबाई आमच्याकडे काचा धुवायची. मानखुर्दच्या पलीकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, नवरा वारलेला, एकच लेक, तीही त्याच कोळीवाड्यात दिलेली. सरांना न घाबरणारी आमच्यातली ती एकटीच. एका सकाळी पदराखालून पिशवी काढून तिने सरळ सरांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमी बारीक बारीक विख शोधता ना? मंग आमचे खारीचा मावरा बगा."

सर खुर्चीसकट मागे सरकले. खारी म्हणजे खाडी, मावरं म्हणजे मासे, आणि त्या खोलीत मासे म्हणजे खारट पाणी. पण हिराबाई बोलतच राहिली. तिच्या लेकीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. आता पुन्हा तिसरा महिना. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आले तेव्हापासून बोईट मासे मरून तरंगायला लागले होते, आणि लेकीची सासू तर तिला रोज चिंबोरी आणि बोईट खायला घालत होती, अंगात ताकद यावी म्हणून.

"मी सांगला तर ती आयकत नाय. बोलते, तुजे तोंडाचा काय खरा? कागद आन. साहेब, मना एक चिठ्ठी द्या. खावाचा का नाय, एवराच लिवा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतः उठून एक झाकणाची बरणी आणली. "खात्री झाली की देईन," ते म्हणाले.

सर निष्ठुर नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या चिठ्ठीसाठी ते जितके राबले तितके कधी कुणासाठी राबले नसतील. बाहेरची कामं मला दिली आणि स्वतः दिवसभर मासे विरघळवत बसले. खिडकीतून ते आम्लाचे पिवळे धूर बाहेर जाताना दिसायचे. खालच्या कारखान्यातले लोक नाक धरून शिव्या घालायचे.

पहिल्याच आठवड्यात उत्तर आलं. माशाच्या नमुन्यात चांदीचं पाणी जवळजवळ रंगहीन झालं. मी आनंदाने ओरडणारच होते, आनंद कसला म्हणा, पण तेवढ्यात सरांनी ब्लँक उजेडात धरला. तोही विटला होता. माशाच्या मानाने कमी, साधारण एक तृतीयांश, पण विटला होता.

"ब्लँकचा आकडा वजा करू या ना सर," मी म्हटलं. "तरी पुष्कळ उरतं."

"उरतं ते माशातलंच कशावरून? आज ब्लँकमध्ये एवढं आहे, उद्या दुप्पट निघेल. चोर आपल्या घरात असताना शेजाऱ्याच्या नावाने बोंब मारायची? कोळीवाड्याची सगळी पोटं त्या मासळीवर आहेत. मी मासळी विषारी आहे म्हणून लिहून द्यायचं आणि विष माझ्याच टेबलावरचं निघायचं!"

यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. म्हणूनच मी गप्प बसले.

मग चोराचा शोध सुरू झाला. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो म्हणून खोलीतल्या ट्यूबलाइट काढल्या आणि सर खिडकीशी बसून काम करू लागले. थर्मामीटर हद्दपार झाले. गंधक पाऱ्याला धरून ठेवतं म्हणून फरशीच्या फटी गंधकाने भरल्या. मालकाने सत्यनारायण घातला, गुरुजींनी सर्वांना कुंकू लावलं, तर सर तिथल्या तिथे नळाखाली कपाळ धरून उभे राहिले. कुंकवात हिंगूळ असतो आणि हिंगूळ म्हणजे पारा. मालकाची आई त्यावर आठ दिवस सरांशी बोलली नाही. माझंही कुंकू गेलं, मी टिकली लावायला लागले. आई म्हणाली, "ही कसली गो नोकरी, बायकांचे कपाळ पुसणारी?" वडिलांची गिरणी संपात बंद पडली होती आणि घरात माझाच पगार यायचा, त्यामुळे तिने विषय वाढवला नाही.

ब्लँक विटतच राहिला. कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी.

"साहेब, चिठ्ठी?" हिराबाई विचारायची.

"अजून खात्री नाही."

"पाचवा लागला."

तिने असं महिने सांगायला सुरुवात केली की सर मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायला लागायचे.

एके दिवशी त्यांनी हिराबाईला दारातच अडवलं. खूप अवघडून, हात छातीशी धरून म्हणाले, "उद्यापासून तुम्ही काचा धुवू नका. बाहेरचा व्हरांडा तेवढा झाडा."

"का? काच फुटली काय माजे हातून?"

"तसं नाही. तुम्ही खाडीवरून येता. तुमच्या हातांवरून, कपड्यांवरून पारा येत असेल, अशी मला शंका आहे."

हिराबाई पदराला हात पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, माजे अंगावर एवरा हाय, तर मावऱ्यात हायच की. मंग चिठ्ठी द्या ना."

मी मागे उभी होते. इतके महिने आम्ही दोघं शिकलेली माणसं जिथे गोल गोल फिरत होतो, तिथे ती एका वाक्यात पोहोचली होती.

"ते अजून सिद्ध व्हायचंय," सर म्हणाले.

हिराबाई व्हरांड्यात गेली. तिने तक्रार केली नाही. काचा मी धुवायला लागले आणि ब्लँक तसाच विटत राहिला. म्हणजे चोर ती नव्हती. पण काचा तिला परत मिळाल्या नाहीत, आणि त्या द्या असं मीही म्हणाले नाही.

याच दिवसांत मी एक गोष्ट करत होते. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर, प्रत्येक वेळी, माशाच्या आकड्यातून ब्लँकचा आकडा वजा करून लिहीत होते. ब्लँक खालीवर झाला की माशाचा आकडाही तेवढाच खालीवर व्हायचा, उरलेलं मात्र दर वेळी जवळजवळ सारखंच. त्या पानाकडे बघताना मला स्पष्ट दिसत होतं की पारा माशात आहे. ते पान मी एकदा सरांपुढे धरलं. त्यांनी न बघता बाजूला केलं. मी पुन्हा धरलं नाही.

"सातवा लागला," हिराबाईने सांगितलं. पुढे तिने सांगणं सोडून दिलं. मग एक दिवस लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून ती रजेवर गेली.

ती रजेवर असतानाच, दीडेक महिन्याने, सर तापाने पडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मालकाने मला काही कागदांवर सह्या आणायला त्यांच्या घरी पाठवलं. घर मुलुंडलाच, आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. चांगली हसरी, बोलघेवडी बाई. मला चक्क चहा मिळाला. स्वयंपाकघरात तांदूळ पसरलेले होते आणि ती जुन्या मलमलच्या तुकड्यात कसल्यातरी करड्या गोळ्यांची पुरचुंडी बांधत होती.

"काय आहे हे?"

"पाऱ्याच्या गोळ्या गं. तुमच्याकडे नाही घालत? वर्षाच्या तांदळाला पोरकिडा लागत नाही. आमच्या सासूबाईंपासून आहे." मग तिने माळ्याकडे बोट दाखवलं. "दोन डबे होते घट्ट झाकणाचे. एक ह्यांनी नेला ऑफिसात. म्हणाले, बाजारातला कापूस उघडा पडलेला असतो, घट्ट डब्यात ठेवायला हवा. मी तांदूळ काढून चांगला पुसून दिला हो, अगदी स्वच्छ."

मी चहा तसाच खाली ठेवला.

तो डबा सरांच्या टेबलाखाली होता. पंपाची हवा स्वच्छ व्हावी म्हणून ती कापसाच्या बोळ्यातून जायची, आणि तो कापूस त्या डब्यातला. डब्याच्या सांध्यांत वर्षानुवर्षांची ती करडी भुकटी बसलेली असणार. ज्या एका वस्तूवर सरांनी कधीच संशय घेतला नाही, ती त्यांच्या घरातून आली होती.

मी आतल्या खोलीत गेले आणि सांगितलं. सर पांघरुणात उठून बसले. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. त्यांच्या बायकोला यातलं काहीच कळलं नाही, ती दारात उभी राहून "काय झालं? माझं काही चुकलं का?" असं विचारत राहिली. सर तिला म्हणाले, "नाही, नाही. तुझं काही नाही."

दुसऱ्या दिवशी अंगात ताप घेऊन ते आले. येताना औषधाच्या दुकानातून कापसाची नवी गुंडाळी आणली होती. ब्लँक केला. तो पिवळाच राहिला. पंधरा मिनिटं, अर्धा तास, राहिलाच. इतक्या महिन्यांत ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि आमच्यापैकी कुणालाही बरं वाटलं नाही. मग सरांनी फ्रिजमध्ये ठेवलेला हिराबाईचा मासा घेतला. तो नमुना विटला. यंत्रावर आकडा आला आणि मी तो वाचून दाखवला.

"तुमची वही द्या," सर म्हणाले.

त्यांनी शेवटचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत आले. सगळ्या वजाबाक्या आजच्या आकड्याच्या आसपास होत्या.

"पहिली कधीची?"

"पहिल्या आठवड्यातली सर."

त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही पुरेपूर.

त्या दुपारी त्यांनी स्वतः बसून दाखला टाइप केला. इंग्रजीत, प्रयोगशाळेच्या कागदावर, खाली सही आणि शिक्का. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने मानखुर्दला गेलो आणि तिथून चालत कोळीवाड्यात. हिराबाई लेकीच्या सासरीच होती. ओट्यावर जाळी पसरलेली. आम्हाला बघून ती उठली, पण पुढे आली नाही.

लेक आत बसली होती, मांडीवर पाच आठवड्यांची मुलगी. मुलगी गोरीगोमटी, छान जावळाची आणि फार शांत. हिराबाईने तिच्या कानाशी टाळी वाजवली. मुलीची पापणीही हलली नाही. मग तिने मुलीला उचललं, तेव्हा तिचे हातपाय नुसते लोंबले.

"इस्पितलात बोलले, थांबा, बगू," हिराबाई म्हणाली. "दूध पन ओढत नाय. चमच्याने पाजताव."

हे पाऱ्यानेच झालं, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आज सर असते तर तेही म्हणाले असते, सिद्ध झालेलं नाही. पण त्या दिवशी ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी खिशातून दाखला काढला आणि कुणाला द्यावा ते न कळून तसाच धरून ठेवला.

तो सासूने घेतला. हीच ती, जिच्याबद्दल मी इतके महिने मनात काय काय म्हणत होते. वाळलेली, लहानखुरी म्हातारी, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला. शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"काय लिवलाय?"

सरांनी मराठीत सांगितलं. खाडीच्या माशांत पारा आहे, गरोदर बाईने खाऊ नयेत.

"हा माजे हातात पयला आला असता," म्हातारी म्हणाली, "तर मी काय घातला असता तिला? मी काय वैरीन हाय? मना वाटला, ताकद येल." तिने कागद सरांना परत दिला नाही. नीट चार घड्या घालून कमरेला खोचला आणि नातीला मांडीवर घेऊन चमच्याने दूध पाजायला लागली.

सर उभेच होते. मग ते जाळ्यांच्या कडेला खाली बसले आणि त्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, तोंड झाकून रडले. हिराबाईने त्यांना पाणी आणून दिलं. मला मात्र तिने पाणी विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

लोक अजून कधी सरांबद्दल विचारतात, तेव्हा मी ट्यूबलाइट, कुंकू, वरणाचं पाणी असं सगळं रंगवून सांगते आणि लोक हसतात. त्या ओट्यावरचं सांगत नाही. सांगितलं तर लोक सरांना दोष देतील. सरांना खात्री नव्हती म्हणून त्यांनी लिहून दिलं नाही. मला खात्री होती. आणि त्या म्हातारीला वाचता येत नव्हतं, तिला फक्त कागद हवा होता. तो माझ्या हस्ताक्षरातलाही चालला असता.